सांडपाण्याचा सापळा

सांडपाण्याचा सापळा : मोरी, हात धुण्याचे कुंड, स्वयंपाकघरातील भांडी घासण्याची कुंडी इत्यादींच्या निचऱ्याच्या नळाला दिलेला व सदैव थोडे पाणी धरून ठेवणारा बाक. व्यवहारात यास ‘ट्रॅप’ असेच म्हणतात. बाकात साठून राहिलेल्या पाण्याच्या अडसरास जलबंध म्हणता येईल. जलबंधामुळे सांडपाणी बाहेर जाऊ शकते. परंतु गटारातील दूषित वायू, दुर्गंधी व कीटक घरात येऊ शकत नाहीत. आरोग्यरक्षण हेच सापळ्याचे मुख्य कार्य होय. तथापि त्याच्या आकारामुळे दुसरेही एक कार्य आपोआप घडते. कुंडीतून निसटलेली जड वस्तू बाकाच्या तळाशी थांबते आणि सापळा उघडल्यास परत मिळू शकते. नथ, अंगठी, जोडवी, मंगळसूत्रातील वाटी यांसारख्या वस्तूंचा शोध घेण्यासाठी सापळा उघडणे ही आता घरोघरची परिचित गोष्ट झाली आहे. या लहानशा कृतीमागे नगररचना, सार्वजनिक आरोग्य आणि सफाईकाम करणाऱ्या समाजगटांचा मोठा इतिहास आहे.

तत्त्व : सापळ्याचा बाक साधारणतः इंग्रजी ‘पी’, ‘एस’ किंवा ‘यू’ या अक्षरांसारखा, अथवा बाटलीच्या आकाराचा असतो. भारतीय बांधकाम संहितेत जमिनीवरील सापळ्याच्या जलबंधाची खोली किमान ५० मिमी. असावी, असा दंडक आहे. खोली कमी असल्यास बाष्पीभवनाने किंवा नळातील चोषणाने जलबंध तुटतो. फार जास्त असल्यास गाळ साठून राहतो. म्हणून खोलीचे प्रमाण महत्त्वाचे ठरते.

बाकात पाणी खाली जाऊन पुन्हा वर चढते. त्यामुळे पाण्याबरोबर आलेल्या वस्तूंपैकी कोणती पुढे जाईल व कोणती मागे राहील, हे मुख्यत्वे वस्तूच्या विशिष्ट गुरुत्वावर, आकारावर आणि पाण्याच्या वेगावर अवलंबून असते. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९·३, चांदीचे १०·५, तर वाळूचे व मोत्याचे सु. २·७ आहे. वाळू साचू नये म्हणून गटारातील पाण्याचा वेग सेकंदाला सु. ०·६ ते ०·७५ मी. ठेवण्याचा प्रघात आहे. एवढ्या वेगाने वाळू वाहते, परंतु सोन्याची अंगठी सहसा जागची हलत नाही. नथीतून सुटलेला एखादा मोती मात्र जोराच्या पाण्याबरोबर बाक ओलांडून जाऊ शकतो. यास्तव वस्तू पडल्याचे लक्षात येताच नळ बंद करणे, ही शोधातील पहिली व सर्वांत महत्त्वाची पायरी होय.

प्राचीन काळ : जलबंधाचा सापळा अर्वाचीन असला, तरी जड पदार्थ वाटेत अडवून ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. मोहें-जो-दडो येथे १९२२ पासून झालेल्या उत्खननांत रस्त्यांच्या कडेची विटांची बंदिस्त गटारे आढळली. घरातील पाणी काही ठिकाणी प्रथम एका लहान कुंडात पडे. तेथे गाळ खाली बसे आणि वरचे पाणी गटारात जाई. गटारांवरील विटा किंवा दगड उचलून साफसफाई करता येई. गटारांच्या कडेने वाळूचे लहान ढीग आढळले असून ते अशा सफाईचे अवशेष मानले जातात. उघडून साफ करता यावे अशी गटाराची रचना असावी, हे तत्त्व सिंधू संस्कृतीच्या बांधकामकारांस पूर्णपणे अवगत होते.

गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांत सातवाहनकाळी निराळी पद्धत दिसते. नेवासे येथे १९५४–५६ मध्ये झालेल्या उत्खननात भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषकूप मिळाले. घरातील सांडपाणी त्यांत सोडून जमिनीत जिरविले जाई. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पाचोड हे गाव याच पैठणच्या तालुक्यात मोडते. आजच्या ग्रामीण शोषखड्ड्यांचे पूर्वरूप अशा प्रकारे या परिसरात सु. दोन हजार वर्षांपूर्वीच प्रचारात होते. शोषकूपात पडलेली वस्तू वाहून जात नसे. ती तेथेच तळाशी राही.

गटारात हरवलेल्या वस्तूंचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील आहे. वेल्समधील कार्लीअन येथील रोमन लष्करी स्नानगृहाच्या गटारातून ८८ कोरीव रत्ने मिळाली. स्नानगृहातील उष्णता व बाष्प यांमुळे अंगठीच्या कोंदणातील चिकट द्रव्य सैल होई आणि रत्न निसटून पाण्याबरोबर जाई. इंग्लंडमधील कार्लाइल येथील रोमन स्नानगृहाच्या उत्खननातही २०२१ नंतर अशी ३० हून अधिक रत्ने सापडली. ज्यांनी ती गमावली त्यांना ती परत मिळाली नाहीत, कारण त्या गटारांत हाताशी येईल असा अडसर नव्हता. पुरातत्त्वज्ञांना मात्र त्यांवरून तत्कालीन कलाकुसर आणि दागिने वापरण्याची रीत यांची माहिती मिळाली.

मोरी व न्हाणी : मराठी घरात सांडपाण्याचे स्थान म्हणजे मोरी. स्नानासाठी वेगळी जागा असल्यास तिला न्हाणी म्हणत. ‘न्हाणी’ हा शब्द संस्कृत ‘स्नान’पासून आला आहे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत मोरी बहुधा परसाच्या किंवा अंगणाच्या कोपऱ्यात असे. उतार दिलेली शहाबादी फरशी किंवा दगड, भोवती वीतभर उंचीचा कट्टा आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक, एवढीच तिची रचना असे. पाणी बाहेर लहान खड्ड्यात, अळूच्या किंवा केळीच्या आळ्यात अथवा रस्त्याकडेच्या गटारात जाई. भोकातून उंदीर किंवा साप येऊ नये म्हणून त्यात चिंध्यांचा बोळा घालीत किंवा त्यावर दगड ठेवीत. हाच त्या काळचा सापळा होय.

पाचोडसारख्या गावात मोरीत पडलेला दागिना शोधणे त्यामुळे तांत्रिक दृष्ट्या सोपे होते. बोळा काढावयाचा, बाहेरच्या खड्ड्यातील गाळ घमेल्यात भरावयाचा आणि तो चाळणीत धुवावयाचा. सामाजिक दृष्ट्या मात्र प्रकरण सोपे नसे. नथ किंवा अंगठी दिसेनाशी झाली, की ती पाण्यात गेली असेल हा विचार बहुधा शेवटी येई. त्याआधी घरातील नव्या सुनेवर, मोलकरणीवर किंवा मोरी व गटार साफ करणाऱ्यावर संशय घेतला जाई. गाळातून वस्तू निघाली म्हणजे संशय फिटे. न निघाल्यास तो माणसाला जन्मभर चिकटे. मोरीचा गाळ तपासणे हा या दृष्टीने केवळ वस्तूचा शोध नसून निर्दोष माणसाच्या बाजूचा पुरावा शोधणेही होते. आज सापळा उघडण्यालाही हेच महत्त्व आहे. वस्तू हरवल्यास कोणाचे नाव घेण्यापूर्वी सापळा उघडून पाहावा, हा व्यवहाराचा व न्यायाचा नियम मानावयास हरकत नाही.

सापळ्याचा शोध : लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाच्या नळाला ‘एस’ आकाराचा बाक देऊन त्याचे एकस्व मिळविले. जोसेफ ब्रामा यांनी १७७८ मध्ये त्यातील झडपेत सुधारणा केली. घरातील पाण्याची आवक वाढली तसा सापळ्याचा प्रसार मोरी, हात धुण्याचे कुंड इत्यादींकडे झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शिशाच्या पत्र्याचा ‘डी’ आकाराचा सापळा बराच प्रचलित होता. त्याच्या कोपऱ्यांत घाण साठून राही व तो साफ करणे कठीण जाई. स्टीव्हन्स हेलियर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नळकामावरील ग्रंथात त्यावर कठोर टीका केली. स्वतःच्या प्रवाहाने स्वच्छ राहणारा गोल बाक त्यानंतर सर्वमान्य झाला.

या घडामोडींमागे रोगांविषयीची तत्कालीन कल्पना होती. दूषित वायूमुळे रोग होतात, असा समज त्या वेळी प्रबळ होता. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनचे जीवन विस्कळीत झाले. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड यांना विषमज्वर झाला, तेव्हा ते ज्या घरी उतरले होते तेथील सदोष निचऱ्यास दोष देण्यात आला. पटकी व विषमज्वर हे वायूमुळे नव्हे, तर दूषित पाणी व अन्न यांतून आलेल्या सूक्ष्मजंतूंमुळे होतात, हे पुढे सिद्ध झाले. अशा रीतीने चुकीच्या उपपत्तीतून एक उपयुक्त साधन रूढ झाले. गटारात प्राणघातक वायू साचतात हे मात्र खरे होते आणि त्याची किंमत पुढे वेगळ्याच लोकांना मोजावी लागली.

मुंबई व न्हाणी सापळा : मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले. नळाचे पाणी आले, की सांडपाणी वाढते. त्याची वाट मात्र तेवढ्या वेगाने तयार झाली नाही. दाट वस्तीत दोन इमारतींमधील अरुंद घरगल्लीत वरच्या मजल्यांवरील मोऱ्यांचे पाणी व कचरा पडे. ती साफ करण्याचे काम जातीने ठरलेल्या कामगारांकडे असे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात या कामासाठी ‘हलालखोर कर’ या नावाच्या कराची तरतूद होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये नगर सुधार विश्वस्त मंडळ व १९२० मध्ये बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. या खात्याने बांधलेल्या ‘बीडीडी’ चाळींत शौचालये सामाईक असली, तरी प्रत्येक खोलीत मोरी दिलेली होती.

पाश्चात्त्य घरात कुंड उभे असते आणि सापळा त्याच्या खाली लोंबतो. येथे माणूस जमिनीवर बसून भांडी घासतो, कपडे धुतो व स्नान करतो. त्यामुळे सापळा जमिनीतच बसविणे आवश्यक झाले. वर जाळी, खाली वाटीसारखे पात्र व बाजूस बाहेर पडणारा नळ असा ओतीव लोखंडाचा सापळा त्यासाठी प्रचारात आला. त्याला ‘न्हाणी सापळा’ किंवा ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. पश्चिम भारतातील घरगुती शब्द अशा रीतीने अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला व देशभर रूढ झाला. घराबाहेर, मोऱ्यांचे पाणी गटाराला मिळण्यापूर्वी, ‘गली ट्रॅप’ नावाचा दुसरा सापळा असतो. पहिल्या सापळ्यातून निसटलेली वस्तू पुष्कळदा या दुसऱ्यात सापडते.

झारेकरी : हरवलेल्या सोन्याचा शोध हाच ज्यांचा परंपरागत व्यवसाय होता, अशा लोकांना महाराष्ट्रात झारेकरी म्हणत. उत्तर भारतात न्यारिया व गुजरातेत धूळधोया ही नावे आढळतात. नद्यांची वाळू धुऊन सोने काढणाऱ्या विदर्भ व मध्य प्रदेशातील सोनझऱ्यांशी त्यांच्या कामाचे साम्य असले, तरी झारेकऱ्यांचे क्षेत्र नगरातील सराफकट्टा हे होय. सोनाराच्या दुकानातील केर, शेगडीची राख, मुशीचे तुकडे आणि दुकानासमोरील गटाराचा गाळ ते विकत घेत किंवा ठरलेल्या मोबदल्यावर उपसून नेत. उथळ पात्रात गाळ धुतला, की हलकी माती पाण्याबरोबर जाते व जड कण मागे राहतात. त्यांत पारा मिसळल्यास सोन्याचे कण पाऱ्यात सामावतात. तापवून पारा उडवून दिला, की सोने उरते. चांदी वेगळी करण्यासाठी नायट्रिक अम्ल वापरतात. मुंबईच्या झवेरी बाजारात गटारांचा गाळ धुऊन सोन्याचे कण मिळविणाऱ्यांना ‘घमेलावाले’ असे नाव आहे.

घरगुती सापळा जे काम एका बाकात करतो, तेच काम झारेकरी हाताने करीत असे. जडपणा हा दोहोंचा आधार. परंतु या व्यवसायात पाऱ्याची वाफ व अम्लाचे धूर श्वसनावाटे शरीरात जातात आणि मिळकत अनिश्चित असते. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला व भारताने त्यास २०१८ मध्ये अनुमोदन दिले.

सापडलेल्या वस्तूची मालकी कोणाची, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम ७१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेपग्राहीसारखी, म्हणजे ठेव सांभाळणाऱ्यासारखी, जबाबदारी येते. मोरीतील दागिना गाळात गेला म्हणून त्यावरील मूळ मालकाचा हक्क नष्ट होत नाही.

सापळा उघडण्याची रीत : प्रथम नळ बंद करून कुंडीचा वापर थांबवितात. सापळ्याखाली बादली ठेवतात. प्लॅस्टिकच्या सापळ्याच्या चकत्या बहुधा हातानेच सुटतात. पितळी सापळ्यास पाना लागतो व मुलामा खरवडू नये म्हणून मध्ये फडके धरतात. बाटलीसारख्या सापळ्याचा तळाचा पेला आटे फिरवून काढता येतो. पाणी व गाळ बादलीत पडल्यावर तो बारीक चाळणीतून किंवा फडक्यातून गाळतात. ते पाणी त्याच कुंडीत ओतणे ही नेहमीची चूक होय, कारण खालचा बाक त्या वेळी काढलेला असतो. न्हाणी सापळा जमिनीत पक्का बसविलेला असल्याने तो काढता येत नाही. जाळी उचलून पाणी लहान भांड्याने उपसतात व तळ हातमोजा घालून चाचपतात. सोने, चांदी व पितळ लोहचुंबकास चिकटत नाहीत, म्हणून चुंबकाचा उपयोग केवळ लोखंडी वस्तूंसाठी होतो.

तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा अम्ल ओतलेले असल्यास सापळ्यात हात घालू नये; त्वचा व डोळे यांस गंभीर इजा होते. हरवलेली वस्तू नथ असल्यास अम्ल मुळीच ओतू नये. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो व अम्लात विरघळतो. सोन्याची तार राहील, पण मोती जाईल. जोडणी पुन्हा बसविताना रबरी चकती जागेवर आहे, हे पाहावे लागते. शेवटी सापळ्यात पाणी ओतून जलबंध पूर्ववत करणे व गळती तपासणे आवश्यक असते. वस्तू मिळाल्याच्या आनंदात ही शेवटची पायरीच पुष्कळदा विसरली जाते.

कोरडा सापळा : जलबंध नसलेला सापळा म्हणजे घरात उघडलेले गटार होय. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात २००३ मध्ये सार्स रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली व ४० हून अधिक मृत्यू पावले. स्नानगृहांतील जमिनीवरचे सापळे पाण्याअभावी कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांमुळे मलवाहिनीतील विषाणुयुक्त तुषार घरांत ओढले गेले, असा निष्कर्ष तपासात निघाला. लोक जमीन पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेत असल्याने सापळ्यांत पाणी पडत नव्हते.

मराठवाड्याच्या दृष्टीने हे उदाहरण दूरचे नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. बीड जिल्ह्यातून व लगतच्या भागांतून ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर बंद करून निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पक्क्या घरात सापळे बसविलेले असले, तरी बंद घरातील जलबंध काही आठवड्यांत आटू शकतो. निघताना सापळ्यात थोडे खाद्यतेल ओतल्यास बाष्पीभवन मंदावते आणि परतल्यावर तांब्याभर पाणी ओतल्यास जलबंध पुन्हा तयार होतो. पाण्याची टंचाई लक्षात घेऊनच लखनौच्या नियोजन संशोधन व कृती संस्थेने १९५० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या ग्रामीण शौचकूपात जलबंध केवळ २० मिमी. ठेवण्यात आला. महाराष्ट्रात देहू येथील डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी ग्रामीण स्वच्छतेसाठी दीर्घकाळ कार्य केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री हा किताब देण्यात आला. २०००–०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने शोषखड्ड्यांच्या प्रसारास चालना दिली. सुधारित शोषखड्ड्यात मोरीचे पाणी प्रथम एका लहान टाकीत घेतात. तेथे गाळ व जड पदार्थ बसतात आणि झाकण उचलून ते काढता येतात. मोहें-जो-दडोतील गाळाचे कुंड व नेवाशाचा शोषकूप या दोहोंचे तत्त्व येथे एकत्र आले आहे.

मर्यादा : घरातील सापळा, बाहेरचा गली ट्रॅप व तपासणीची कुंडी येथपर्यंतच हरवलेल्या वस्तूचा शोध घ्यावा. कुंडीतही वरून, हत्याराने शोध घेणेच इष्ट. त्यापलीकडील मलवाहिनी किंवा मलकुंड यांत कोणाही माणसाला उतरविणे प्राणघातक ठरते, कारण तेथे हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात व ऑक्सिजन अपुरा असतो. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली होती. १९९३ च्या व त्यानंतर २०१३ च्या अधिनियमांनी हाताने मैला साफ करण्यास बंदी घातली. २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून मलवाहिनी व मलकुंड यांची धोकादायक सफाई करविणेही गुन्हा ठरविले. अशा कामात मृत्यू आल्यास कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये केली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत.

सापळ्याचे खरे मोल या ठिकाणी स्पष्ट होते. हरवलेली वस्तू तो घरधन्याच्या हाताच्या अंतरावर थांबवितो, त्यामुळे तिच्यासाठी दुसऱ्याला गटारात उतरविण्याचे कारण उरत नाही. जो दागिना सापळ्यात, गली ट्रॅपमध्ये वा कुंडीत मिळाला नाही, तो गेला असे समजावे. माणसाच्या जिवापेक्षा त्याची किंमत अधिक नसते.